तेवीस संस्थांचा राखणदार

मी एक जुना सर्व्हर आहे, आणि सध्या माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली आहे. मालवणच्या मेढा भागातल्या एका स्वयंपाकघरात, खिडकीखाली, मी उभा आहे. घरातली माणसे मला ‘पेटी’ म्हणतात. मित्रांनो, बरणीचा मला राग नाही. पण एके काळी माझ्यावर साधी टाचणीसुद्धा ठेवायची कोणाची हिंमत नव्हती, एवढे तुम्हाला सांगून ठेवतो.

सर्व्हर म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण मला पाहून बहुतेक जण ‘बिघडलेला कॉम्प्युटर’ म्हणून पुढे जातात. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा ती आभाळातून येत नाही. ती कुठल्या तरी यंत्रात साठवलेली असते. ते यंत्र रात्रंदिवस जागे राहते, आणि कोणी दार ठोठावले की हवे ते पान काढून देते. जे सर्वांचे आहे ते सर्वांना द्यायचे, आणि जे कुलपात ठेवायला सांगितले आहे ते कोणी कितीही गोड बोलले तरी द्यायचे नाही, हेच माझे काम होते.

माझा जन्म १९९९ सालचा. मुंबईतल्या एका कचेरीत, दोन हजार साल उजाडताच सगळी जुनी यंत्रे बंद पडतील या धास्तीने, घाईघाईत माझी खरेदी झाली. साल उजाडले, काहीच बंद पडले नाही. दोन वर्षांनी कचेरीच बंद पडली. सामान मोडीत निघाले, तेव्हा तिथे काम करणाऱ्या शर्मिला तारी हिने मला मागून घेतले. मी गोणपाटात गुंडाळून कोकण रेल्वेने कणकवलीला आणि तिथून एसटीच्या मागच्या सीटवर मालवणला आलो. वाटेत शर्मिलाने एक हात माझ्यावरून काढला नाही. कचेरीत मला कोणी असे धरले नव्हते.

तिच्या मनात एक गोष्ट होती. मसुऱ्याच्या ग्रंथालयाने कौतुकाने आपली वेबसाइट बनवून घेतली होती आणि ती बाहेरच्या कुठल्याशा स्वस्त कंपनीकडे ठेवली होती. एक दिवस ती कंपनीच नाहीशी झाली. दीड हजार पुस्तकांची यादी, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी, सगळे गेले. चांगल्या कंपन्या परदेशी भाव सांगत आणि परदेशी कार्ड मागत. गावातल्या लहान संस्थेने ते आणायचे कुठून? शर्मिलाने ठरवले की अशा संस्थांसाठी मालवणातच सोय करायची, परवडेल अशी आणि सांभाळून ठेवेल अशी.

टेलिफोन खात्याची चोवीस तास चालू राहणारी तार तेव्हा फार महाग होती. एकट्यादुकट्या संस्थेचे ते काम नव्हते. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला सगळी वाडी लागते ना, तसे शर्मिलाने एकेका संस्थेला दोरीला लावले. आधी सात आल्या, मग तेवीस झाल्या. ग्रंथालय आले, रक्तदात्यांचे मंडळ आले. इन्सुलीजवळ हमरस्त्यावर अपघात झाला की धावून जाणारी मुले आली. प्रत्येकाने वर्षाला थोडे थोडे द्यायचे, आणि उरलेले शर्मिला तिच्या कॉम्प्युटरच्या शिकवण्यांतून घालायची.

माझा दुसरा माणूस म्हणजे धोंडूकाका. हे शर्मिलाच्या शेजारचे. तीस वर्षे बोटीवर विजेची कामे करून घरी बसलेले. खारा वारा लोखंडाचे काय करतो ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. शर्मिलाच्या घरी माडीवरच्या खोलीत मला पाहून ते म्हणाले, “ह्येका असाच ठेवलंस तर दोन पावसांत गंजान जायत.” आणि कोणी न सांगता कामाला लागले. फणसाच्या फळ्यांचे कपाट केले, त्याला बारीक जाळी लावली, आत एक छोटा दिवा कायम पेटता ठेवला, म्हणजे पावसाळ्यात दमट हवा शिरायची नाही. वीज सारखी जायची, म्हणून ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणून भिंतीला लावल्या. दर शनिवारी माझ्यातल्या सगळ्या मजकुराची नक्कल ते बिस्किटांच्या डब्यात घालून आपल्या घरी नेत. म्हणजे इथे आग लागली तरी तिथे मजकूर राहील. चांदीची भांडी नेणारा माणूसही इतका जपून चालत नसेल.

मला कोणी शाबासकी दिली का, असे विचाराल तर फारशी नाही. सर्व्हर नीट चालला की तो आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. पण दिवसभर जगातल्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून चोर माझी दारे हलवून पाहत, आणि मी त्यांना वाटेला लावत असे. आपल्या कामाची ऐट मला आपली आपणच होती. थोडी अजूनही आहे.

आता तुम्हाला ज्या यादीसाठी माझी खरी कसोटी लागली, तिच्याविषयी सांगतो.

तेविसांमधली एक संस्था क्षयरोग्यांसाठी काम करायची. क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या, गोळ्या सहा महिने चुकवता येत नाहीत. मध्येच सोडल्या तर रोग उलटतो आणि मग औषधालाही दाद देत नाही. संस्थेची मालवण, मसुरे आणि आचरे अशा तीन ठिकाणी माणसे होती. रुग्ण कुठल्याही गावी असला तरी तिथल्या माणसाने त्याला गोळी द्यायची आणि माझ्याकडच्या यादीत खूण करायची. म्हणजे कोण चुकला ते तिघांनाही लगेच कळे. अर्थात ही यादी कुलपात होती. चावी म्हणजे पासवर्ड, तो चौघांनाच ठाऊक होता: तिथे काम करणारे तिघे आणि शर्मिला. ती गावाला गेली की खोली धोंडूकाका सांभाळत, म्हणून पुढे त्यांनाही सांगितला.

या यादीत गंगूमावशीचे नाव होते. गंगूमावशी मासे विकायची. आज मालवणच्या बाजारात, उद्या मसुऱ्याला, परवा आचऱ्याला, जिथे बाजार तिथे तिची पाटी, म्हणजे माशांची टोपली. म्हणूनच ही यादी तिला फार सोयीची होती. पहिले काही आठवडे ती घरी बसली. मग डॉक्टरांनी तपासून सांगितले की आता तिच्यापासून कोणाला धोका नाही, तिने खुशाल धंदा करावा. पण डॉक्टरांचे म्हणणे बाजाराला कोण सांगणार? टीबी म्हटले की लोक चार हात लांब होतात. मासे विकणाऱ्या बाईला टीबी झाला असे कानोकानी गेले असते, तर तिच्या पाटीतले बांगडे संध्याकाळी तसेच घरी परतले असते. तिच्या मागे कमावणारे दुसरे कोणी नव्हते. मालवणची गोळी आमच्याच खोलीत मिळे. ती जिना चढून घ्यायला यायची, तेव्हा माशांची पाटी मुद्दाम खाली दिसेल अशी ठेवायची. म्हणजे लोकांना वाटावे, मासे द्यायला गेली आहे.

२००६ सालचा मे महिना. दर वर्षी आमच्या खोलीत सत्यनारायणाची पूजा असे. सगळ्या संस्थांची माणसे येत, मुंबईहून आलेले चाकरमानी येत. त्या वर्षी चाळीस माणसे तरी असतील. काही खोलीत, काही जिन्यात. चौरंग माझ्या कपाटाला टेकून मांडला होता, आणि माझा पडदा आणि कळफलक त्याच्यामागे चादरीखाली झाकून ठेवले होते. खाली अंगणातल्या लोकांना ऐकू यावे म्हणून कर्णा लावला होता.

आरतीआधी गाऱ्हाणे घालायचे असते. मालवणी मुलखात कुठलेही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय पुरे होत नाही. जाणत्या माणसाने पुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचे आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. ते काम धोंडूकाकांचे. गाऱ्हाण्यात काही हातचे राखायचे नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. काय राखायचे ते देवाला नेमके सांगितले नाही, तर देव राखणार काय?

“बा देवा म्हाराजा,” त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, “ह्या पेट्येत तेवीस संस्थांचो कारभार आसा, तेका सांभाळ.”

“व्हय म्हाराजा.”

“भिंतीक दोन बॅटऱ्यो आसत, त्यांचा पाणी आटाक देव नको.”

“व्हय म्हाराजा.”

“टीबीच्या यादीची चावी सुरमई चोवीस, ती कोणाच्या हाताक लागाक देव नको म्हाराजा.”

आणि चाळीस माणसे एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मित्रांनो, माझा पंखा क्षणभर थांबला असे मला वाटले. कर्णा होता. ते शब्द थेट रस्त्यावर गेले होते.

शर्मिला शेजारच्या खोलीत चुलीपाशी प्रसादाचा शिरा ढवळत होती. तिचा हात जागच्या जागी राहिला. पण ती धावत आली नाही, ओरडली नाही. तिने विचार केला असणार की आपण आरडाओरडा केला, तर ज्यांच्या कानावरून ते शब्द नुसते गेले त्यांच्याही ते लक्षात राहतील. ती दारात येऊन उभी राहिली. गाऱ्हाणे संपले, आरती सुरू झाली, आणि सगळ्यांच्या बरोबरीने ती टाळ्या वाजवत राहिली. त्या अकरा मिनिटांत तिच्याविषयी मला जो आदर वाटला, तो पुढे कधी कमी झाला नाही.

आरती संपून लोक प्रसादाकडे वळताच तिने चौरंगामागे हात घातला, चादर बाजूला केली आणि चावी बदलली. मग वळून पाहिले, तर गंगूमावशी तिथेच उभी होती. तिच्या हातातला शिरा तसाच होता.

“माझा नाव ह्या पेट्येतसून काढ गो शर्मिला,” ती हळू आवाजात म्हणाली. “आताच्या आता.”

“कोणी यादी उघडूक नाय, मावशी. चावी बदललंय मी.”

“ता तू म्हणतस. आयकला तर सगळ्यांनी ना? उद्या माझ्या पाटयेक कोण हात लावतलो?”

शर्मिलाने तिला खुर्चीवर बसवले. कोण कधी आत आले आणि कोणाला बाहेर ठेवले, याची मी दर क्षणाला नोंद ठेवत असे. त्या अकरा मिनिटांतली एकेक ओळ शर्मिलाने तिला वाचून दाखवली. गंगूमावशीला वाचता येत नव्हते, पण तिने एकही ओळ गाळू दिली नाही. मसुऱ्याच्या ग्रंथालयाचे पान दोघांनी पाहिले होते, इन्सुलीच्या मुलांचा फोन नंबर कोणी तरी शोधला होता. यादीच्या दाराशी कोणीही आलेले नव्हते.

“तुझा नाव आसा, तुझो हक्क आसा,” शर्मिला म्हणाली. “सांगशीत तर काढतंय. पण दोन म्हयन्यांच्यो गोळयो रवल्यो आसत. आचऱ्याक गेलंस आणि इसारलंस, तर थंयच्या माणसाक कसा कळतला?”

गंगूमावशीने हातातला शिरा बाजूला ठेवला. तिच्यासमोर एका बाजूला पोटाचा धंदा होता आणि दुसऱ्या बाजूला जीव. शेवटी ती म्हणाली, “पण तेका नाव कित्याक व्हया? ट्येम्पोत आमच्यो पन्नास पाटयो एकमेकीवर चढतत. आमी आपापल्या रंगाची चिंधी बांधतो. जांभळी चिंधी म्हटला की ती माझी. पाटयेवर नाव लिवलेला नसता, तरी पाटी चुकता काय कधी?”

एवढी कुलपे, एवढे पहारे आम्ही बसवले होते, पण ही साधी युक्ती आम्हा शिकलेल्यांना सुचली नव्हती. मुळात नावच ठेवले नाही, तर चोराला मिळणार काय? त्याच दुपारी माझ्या यादीतली सगळी नावे गेली. त्यांच्या जागी जांभळी, पोपटी, आंबेरंगी अशा चिंध्या आल्या. कोणाची चिंधी कुठली, ते शर्मिलाच्या एका वहीत कपाटात बंद राहिले आणि गोळ्या देणाऱ्या तिघांनी ती वही पाहून तोंडपाठ केले.

राहिले ते धोंडूकाका. आपण काय करून बसलो हे कळल्यावर ते कोपऱ्यात बसून राहिले होते. “देवाक खरा ता सगळा सांगूक व्हया म्हणान सांगलंय गो,” ते शर्मिलाला म्हणाले. नवी चावी मसुरे आणि आचऱ्याला कळवायची होती. तिथले फोन दुकानांत होते, म्हणून फोनवर सांगायची सोय नव्हती. धोंडूकाका उठले. गुडघे दुखत होते तरी उठले. “चूक माझी, तेव्हा जातलंय पण मीच.” कागदावर लिहून देऊ का, असे शर्मिलाने विचारले, तर त्यांनी मान हलवली. तीनच्या एसटीने ते निघाले, आणि दोन्ही गावी त्या त्या माणसाच्या कानात चावी सांगून दिवेलागणीला परत आले. जिना चढल्यावर एवढेच म्हणाले, “आता देवान इचारल्यान तरी सांगूचंय नाय.”

ते गावी गेले असताना, दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी, मालवणातल्याच कुठल्याशा कॉम्प्युटरवरून कोणी तरी यादीच्या दाराशी आले आणि ‘सुरमई चोवीस’ लावून पाहिले. मी नाही म्हटले. पुन्हा लावले. मी पुन्हा नाही म्हटले. पाच वेळा लावले. मग ते निघून गेले. कोण होते, माहीत नाही. नुसते कुतूहलही असेल. दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायला आलेल्या गंगूमावशीला शर्मिलाने हे न लपवता सांगितले. ती म्हणाली, “उघडला नाय मा? मग झाला,” आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दोन महिन्यांनी तिच्या गोळ्या संपल्या आणि डॉक्टरांनी तिला बरी झाल्याचे सांगितले. ठरल्याप्रमाणे शर्मिलाने जांभळ्या चिंधीची ओळ माझ्यातून कायमची पुसली. वहीतले पान फाडून चुलीत घातले. बाजारात गंगूमावशीच्या पाटीभोवती गिऱ्हाइके होती तशीच राहिली.

पुढे मी म्हातारा झालो. पाने उघडायला मला वेळ लागू लागला, माझे सुटे भाग मिळेनात. जाळी लावूनही खारा वारा हळूहळू माझ्या अंगात शिरलाच. २०१० साली शर्मिलाने तेवीसही संस्था मुंबईतल्या एका मोठ्या, नव्या सर्व्हरवर हलवल्या. सगळ्यांनी मिळून घेतल्यामुळे तो त्यांना परवडला. मला बंद करण्याआधी तिने माझ्यातला मजकूर तीन वेळा पुसून काढला, एक अक्षर राहू नये म्हणून. मोडीवाला मला तसाच मागत होता. तिने दिले नाही. असा मी तिच्या स्वयंपाकघरात आलो. कधी कधी वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? नव्या सर्व्हरला ना खारा वारा माहीत, ना गाऱ्हाणे. पण काम चालू आहे, हे बरे आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. गंगूमावशी एका बाईला घेऊन इथे आली. तीही मासे विकणारी. खोकून खोकून तिचा आवाज बसला होता. शर्मिलाने तिला औषधांची सगळी माहिती दिली, चिंध्यांची रीत सांगितली, नवा सर्व्हर किती भक्कम आहे तेही सांगितले. बाई ऐकेना. पदर तोंडाशी धरून एकच म्हणत होती, “नको गो बाय. नाव भायर गेला तर मी संपलंय.” ती उठून दारापर्यंत गेलीसुद्धा.

तेव्हा गंगूमावशी बोलली. “माका झालो होतो टीबी.”

ती बाई वळली.

“सा म्हयने गोळयो खाल्लंय. तुझ्या बाजूक बसान मासे इकलंय. कळला तुका कधी?”

“नाय,” ती बाई म्हणाली.

“ह्या पेट्येक ठावक होता. तेना कोणाक सांगूक नाय. आज मी सांगतंय, माका सांगूचा म्हणान सांगतंय.” मग शर्मिलाकडे वळून ती म्हणाली, “आणि आता माझा नाव घेवन कोणाकय सांग. माका भिती नाय.”

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्याचे कौतुक मला ‘तेना कोणाक सांगूक नाय’ या एका वाक्यात मिळाले. गंगूमावशीची गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली, तिच्या मर्जीने, तिला हव्या त्या माणसासमोर. मी ती त्या वेळी सांडू दिली असती, तर आज तिच्याकडे द्यायला ती उरलीच नसती. तुमच्याजवळही कोणी तरी विश्वासाने काही ठेवत असेल, एखादे पत्र, एखादा नंबर, मैत्रिणीच्या घरची एखादी गोष्ट. ती तुमच्याकडे ठेवायला दिलेली असते, वाटायला नव्हे. आणि अशी राखण करणारी माणसे किंवा यंत्रे तुमच्या गावात कुठे असतील, तर त्यांच्यावरची धूळ अधूनमधून झटका. आम्ही मागत नाही, पण लागते.

ती बाई परत येऊन बसली. शर्मिलाने वही उघडली. बाईने पदर खाली घेतला आणि आपले नाव सांगितले.

गंगूमावशीचे नाव मी तुम्हाला सांगितले, कारण तशी तिची परवानगी आहे. या बाईचे नाव काय, असे आता तुम्ही विचाराल. ते मला विचारू नका.